सवयीचं जनावर

डॉ. लुंबिनी सूर्यवंशी मॅडमच्या वर्गात पोरं हसली की भिंतीपलीकडे डॉ. मल्लिकार्जुन बिरादार सरांच्या पोटात दुखायचं. स्वतःच्या वर्गात बावीस वर्षांत कुणी हसलेलं त्यांना आठवत नव्हतं.

चाकूरजवळच्या त्या पशुवैद्यकीय कॉलेजात सर जनावरांचा आहार शिकवत. कडबा, सरकीची पेंड, मुरघास, यांत त्यांचा शब्द शेवटचा. दीड वर्षापूर्वी मॅडम आल्या, कुत्र्यामांजरांच्या खाण्यावर संशोधन करू लागल्या आणि पोरं मुरघास सोडून तिकडं पळाली. त्यात यंदा कुत्र्यामांजरांचा आहार हा स्वतंत्र विषय सुरू होणार होता. तो कुणी शिकवायचा हे डीनसाहेबांनी एका चाचणीवर सोडलं. दोघांनी आपापलं खाद्य बनवायचं, गावातल्या दहा पाळीव कुत्र्यांपुढे दोन-दोन थाळ्या ठेवायच्या, आणि कुत्री कुठं तोंड घालतात ते बघायचं.

"कालची पोरगी मला आहार शिकवणार," सर ज्वारीच्या पिठात उकडलेली अंडी कुस्करत म्हणाले.

"जळायचं तर जळा," त्यांच्या बायको महानंदाबाई म्हणाल्या, "पर ती अंडी अंगनात. माझ्या सैपाकघरात न्हाई."

सरांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. बैलाला नवा चारा टाकला की तो तोंड फिरवतो आणि सवयीच्या कडब्याकडे वळतो. जनावर म्हणजे सवय. मग चाचणीच्या आधी महिनाभर या दहा कुत्र्यांना आपल्याच खाद्याची सवय लावली तर? यादी तर हातातच होती. दुसऱ्या दिवसापासून सर स्कूटरला पिशव्या अडकवून दहा घरं फिरू लागले. "कॉलेजची योजना हाय," एवढंच सांगायचे. सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातानं खाऊ घालायचे, कारण घरच्यांवर त्यांचा भरवसा नव्हता.

चाचणीच्या दिवशी मैदानात सगळं कॉलेज जमलं. सर पुढच्या खुर्चीत निवांत बसले. गावातल्या शिवकन्याबाईंचा काळ्या नावाचा कुत्रा पहिला सुटला. त्यानं सरांच्या थाळीचा वास घेतला, ओळखीचं दिसताच मान वळवली आणि मॅडमची थाळी चाटूनपुसून साफ केली. मग दुसरं कुत्रं, मग तिसरं. दहाच्या दहा मॅडमच्या थाळीत.

पोरं ओरडली, पण मॅडमना आनंद झालेला दिसला नाही. "सर, दहापैकी दहा असं कधी होत नाही. यांनी दोन्हींपैकी एक खाद्य आधी खाल्लेलं असणार. सारखं एकच खाल्लं की कुत्र्याला नव्याची ओढ लागते."

"खाल्लंय की," शिवकन्याबाई कौतुकानं म्हणाल्या. "आमचे सर म्हैनाभर आनून द्यायलेत. दोन टाईम. लई माया हाय त्यांला."

डीनसाहेबांनी चष्मा काढून सरांकडे पाहिलं. बावीस वर्षांची अब्रू जायची वेळ आली तेव्हा सरांचं डोकं चाललं.

"तेच दाखवायचं व्हतं साहेब," ते उभे राहून म्हणाले. "कुत्रं म्हंजे बैल न्हाई. पोरांच्या ध्यानात राहावं म्हणून मुद्दाम केलं."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनीही वाजवल्या, आणि म्हणाल्या, "मग प्रयोग अर्धाच झाला सर. आता महिनाभर याच कुत्र्यांना माझं खाद्य देऊ. तुमचं म्हणणं खरं असेल तर ती तुमच्या थाळीकडे येतील."

"बराबर," डीनसाहेब म्हणाले. "आन् बिरादारांनाच घरं माहीत हायेत. तेच देतील."

आता आली का पंचाईत! ज्या बाईचं नाव ऐकून अंगाचा तिळपापड व्हायचा, तिचंच खाद्य सर दारोदार पोचवू लागले. पहिल्याच दिवशी शिवकन्याबाई म्हणाल्या, "हे बेस हाय सर. आधीचं पुन्यांदा आनू नका." सरांना ते फार लागलं. महिनाभरात कुत्र्यांना या खाद्याचाही वीट येईल, या एका आशेवर ते स्कूटर हाकत राहिले.

दुसरी चाचणी झाली ती पहिल्याहून जास्त गर्दीत. थाळ्या मांडल्या, दोऱ्या सुटल्या. काळ्या थाळ्यांपर्यंत गेलाच नाही. तो सरळ सरांच्या खुर्चीकडे धावला आणि त्यांच्या बुटावर हनुवटी टेकून बसला. पाठोपाठ उरलेली नऊ आली. कुणी हात चाटू लागलं, कुणी मांडीवर चढलं. दोन महिने रोज दोन वेळा खाऊ घालणारा माणूस समोर असताना थाळीकडे कोण बघतो?

"मॅडम, निकाल काय लिहायचा?" डीनसाहेबांनी विचारलं.

"पहिली पसंती, बिरादार सर," मॅडमनी लिहून वही मिटली.

"मग विषय बी त्यांनाच देऊन टाकू. ज्याच्यामागं कुत्री, त्याच्यामागं पोरं."

पोरं खरंच सरांभोवती जमली होती, फोटो काढत होती, काहीतरी विचारून हसत होती. दोन भरल्या थाळ्यांजवळ मॅडम एकट्याच उभ्या राहिल्या.

"अभिनंदन सर," त्या म्हणाल्या. ओठ हसत होते, कपाळावर मात्र बारीक आठी होती. सरांनी ती आठी लगेच ओळखली. गेलं दीड वर्ष दाढी करताना ती त्यांना रोज आरशात दिसत होती. काळ्याच्या डोक्यावर हात फिरवत त्यांनी ती आणखी थोडा वेळ मन लावून पाहिली.