शंभर टक्के उमेदवारी

विद्यापीठाच्या नव्या नियमानुसार पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या सत्रात प्रत्येकाने कुठे ना कुठे इंटर्नशिप करणे बंधनकारक झाले. न केल्यास पदवी नाही. नियम करणाऱ्या समितीतल्या कोणालाही तो पाळायचा नव्हता, त्यामुळे तो एकमताने मंजूर झाला.

भूजलशास्त्राची एक विद्यार्थिनी या नियमात सापडली. मुलगी हुशार. विहिरीचे पाणी जिभेला लावले की खाली कुठला खडक आहे ते सांगायची. बऱ्याच कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून ती शेवटी रोजगार मार्गदर्शन कक्षात आली.

"संधी भरपूर आहेत," कक्षप्रमुख म्हणाले. "फक्त सगळीकडे अनुभव मागतात."

"पण सर, अनुभवासाठीच तर इंटर्नशिप करायची ना?"

"अगदी बरोबर. म्हणूनच येताना अनुभव घेऊन या, असं त्यांचं म्हणणं."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. कक्षप्रमुख मनाने वाईट नव्हते. "रडू नकोस," ते म्हणाले. "इथेच कर इंटर्नशिप. येणाऱ्या मुलांना संधी भरपूर आहेत असं सांगायचं. सांगून सांगून माझा घसा बसलाय."

संध्याकाळी आईचा फोन आला. "लागलीस का गं कुठे?"

"लागले."

"काय काम करतेस?"

"दुसऱ्यांना लावायचं."

आई इतकी खूश झाली की पुढचे ऐकायला थांबली नाही. शेजारी सांगायला गेली.

कक्षात पहिला आला तो तिचाच वर्गमित्र. अगदी नाइलाज झाला तरच बोलायचा, म्हणून त्याला सगळे मुनी म्हणत. ठरलेले वाक्य त्याच्या तोंडावर फेकायला तिची जीभ रेटेना. "माझ्या हाताखाली ये," ती म्हणाली. मुनीकडे फोन घेण्याचे काम आले आणि कक्षाविषयीच्या तक्रारी एकाएकी बंद झाल्या. फोन करणारेच थोड्या वेळाने कंटाळून ठेवून देत.

मग मुनीला मदतनीस लागला, मदतनिसाला देखरेख लागली. मानसशास्त्राच्या मुली रांगेतल्यांचा धीर खचू नये म्हणून नेमल्या गेल्या. रांगेत येईल तो आत घेतला जाऊ लागल्यावर रांगच संपली. रांगेवाचून कक्ष ओसाड दिसू लागला, तेव्हा नाट्यशास्त्राच्या मुलांना रांगेत उभे राहण्याची इंटर्नशिप देण्यात आली. ती त्यांनी जीव ओतून केली. एकदोघे तर रोज चक्कर येऊन पडत.

सत्र संपण्याआधीच कुलगुरूंनी भरल्या गळ्याने जाहीर केले, "आपला एकही विद्यार्थी आज मोकळा नाही." टाळ्या वाजवायलाही इंटर्न होते.

अशात एक दिवस पाणीपुरवठा खात्याचे एक वयस्क अभियंते आले. बुटांना चिखल, चेहऱ्यावर काळजी. शहराच्या नव्या विहिरींना खारे पाणी लागत होते आणि त्यांना भूजल कळणारे एक माणूस हवे होते. आधी रांगेने त्यांना नंबर लावायला लावला. मग मानसशास्त्राने त्यांना धीर दिला. मुनीने त्यांच्याकडे बराच वेळ सहानुभूतीने पाहिले. दुपार कलताना ते मुलीच्या टेबलापाशी पोचले.

"तुमचा अनुभव?" तिने सवयीने विचारले.

"बाई, मी नोकरी मागायला नाही, द्यायला आलोय!"

सगळा कक्ष वळून बघू लागला. असा माणूस तिथे कोणी पाहिलेला नव्हता. अभियंत्यांनी विहिरींची हकिगत सांगितली आणि मुलगी खुर्चीतून उठलीच. "उपसा कमी करा! खोलवरचं जुनं खारं पाणी तुम्ही वर ओढताय. आणखी खोल गेलात तर गोडं पाणीही जाईल." कितीतरी दिवसांनी ती पाण्याबद्दल बोलत होती.

"उद्यापासून या," अभियंते म्हणाले.

कक्षप्रमुखांनी हात जोडले. "सत्र अर्धवट सोडलंस तर पदवी जाईल. आणि तुझ्या हाताखालचे, त्यांच्या हाताखालचे, सगळे उघड्यावर पडतील गं!"

"पडू देत," ती म्हणाली आणि निघाली. आयुष्यात एवढे हलके तिला कधी वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी खात्यातल्या मोठ्या साहेबांनी विचारले, "पदवी?"

"नाही."

"मग भूजलाची जागा नियमात बसत नाही. अनुभव कशाचा आहे?"

ती खरे बोलली. "नाही ते भरपूर आहे असं सांगायचा."

साहेबांचा चेहरा उजळला. "मग आधी नाही का सांगायचं! तक्रार विभागात माणूस हवाच आहे." अभियंत्यांनी परोपरीने समजावले. साहेब म्हणाले, विहिरी थांबतील, तक्रारी थांबत नाहीत.

भूजलाची जागा अजून रिकामी आहे. विहिरी आणखी खोल गेल्या आहेत. मुलगी मात्र फोनवर खोटे बोलत नाही. नळाला खारट पाणी येते म्हणून तुम्ही तावातावाने फोन केलात, तेव्हा तिने तुम्हाला कारण नीट समजावून सांगितले. तुमच्या सोसायटीची बोअर बंद ठेवा, सगळ्यांनी मिळून उपसा थांबवायला लावा, अजून वेळ गेलेली नाही, असे अगदी कळवळून सांगितले.

तुम्ही सगळे शांतपणे ऐकून घेतलेत, घसा खाकरलात आणि आवाज खाली आणून विचारलेत, "ते होईल हो, पण आमच्या पुतणीचं तुमच्याकडे कुठे जमेल का?"