सातवं वर्ष नेमकं कोणतं?

लग्नाच्या सातव्या वाढदिवसाला चार दिवस उरले असताना गार्गी महिला मंडळात एक जुना इंग्रजी सिनेमा बघून आली, आणि तिच्या नवऱ्याची, उन्मेषची, झोप उडाली.

"तिकडं म्हणतात, सात वर्षं झाली का नवऱ्याले खाज सुटते. बाहेर पाहाची," ती पोळी लाटता लाटता म्हणाली. "आधी म्हणे ते खऱ्या अंगाच्या खाजेले म्हणत. सिनेमा आला, अन् साऱ्या दुनियेनं ते नवऱ्याइले चिकटवलं."

"मी काय केलं वं?"

"मी कुठं म्हटलं, केलं म्हणून? घाबरून काहून राहिले?"

उन्मेषनं खरंच काही केलं नव्हतं. निदान बायकांच्या बाबतीत तरी. पण भीतीनं माणसाचे हात-पाय भलतीकडेच चालतात. त्यानं ऑफिसातल्या वैभवी मॅडमचा नंबर फोनमधून उडवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला, गार्गीनं उचलला. नाव नाही, नुसता बाईचा आवाज! दुसऱ्या दिवशी तो तासभर लवकर घरी आला. गार्गीनं कॉलर हुंगली. तिसऱ्या दिवशी त्यानं मोगऱ्याचा गजरा आणला.

"सात वर्षांत पहिल्यांदा!" म्हणत तिनं थेट काटोलला वडिलांना, नानाजींना, फोन लावला.

वाढदिवसाला नानाजी पहिल्याच बसनं हजर. गणिताचे रिटायर मास्तर. उन्मेष सोफ्याच्या कडेला फाशीच्या कैद्यासारखा बसला. नानाजींनी सगळं ऐकून घेतलं, चहा बशीत ओतला.

"पोरी, पोरगं एक वर्षाचं झालं म्हंजे त्याचं पहिलं वर्ष संपते. आज तुमचं सातवं संपलं. धोका टळला! जावईबापू, श्वास घ्या."

उन्मेषनं श्वास घेतला. चार दिवसांतला पहिलाच.

गार्गी बोटांवर मोजत होती. मध्येच थांबली.

"म्हंजे सातवं वर्ष होऊन गेलं? मग वर्षभर दर रविवारी हे ऑडिटले जात होते, ते? रविवारी कोणतं ऑडिट असते जी?"

उन्मेषनं सासऱ्यांकडे पाहिलं. नानाजी बशीतल्या चहावर फुंकर घालू लागले. दर रविवारी 'पेन्शनरांची सभा' सांगून ते काटोलहून निघत, आणि डॉक्टरनं बंद केलेलं झणझणीत सावजी मटण जावयासोबत घाम पुसत हाणत.

"बाबा, तुमची सभाबी रविवारीच राहे ना?"

नानाजींनी बशी खाली ठेवली.

"पोरी, वय झालं आता, मोजण्यात गडबड होते. सातवं वर्ष आजच सुरू होते," ते म्हणाले. "जावईबापूंवर चांगली नजर ठेव."