कॅम्परमधलं गुलाबी पाणी

यंदा कॅम्परची, म्हणजे गाडीमागे ओढत तळ्यावर न्यायच्या आमच्या चाकांवरच्या घराची, हिवाळ्याची तयारी कुणालाही न विचारता करायची, असं मी ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी ठरवलं. दरवर्षी हे काम गॅरेजवाला करून द्यायचा. गेल्या वर्षी त्याला फोन करायचं राहून गेलं (तळ्यात मासे फार छान लागत होते), आणि भिंतीतला पाइप गोठून फुटला. वसंतात दार उघडलं तर आतली लाकडी जमीन भिजून चिकट लापशीसारखी झाली होती.

तेव्हा मार्लिस, म्हणजे माझी बायको, एवढंच म्हणाली, "हार्लन, पुन्हा पाइप फुटला तर कॅम्पर विकायचा." मार्लिस एखादी गोष्ट एकदाच सांगते, तीही हळू आवाजात. म्हणून मी घाबरतो. एकतीस वर्षं मी तालुक्याच्या जमीन नोंदणी कार्यालयात खिडकीमागे बसलो. निवृत्तीनंतर तळ्याकाठी त्या कॅम्परच्या पायरीवर बसून कॉफी पिणं, हे माझं एकमेव सुख आहे. ते गेलं तर मी काय करणार? मार्लिसच्या बहिणीकडे जाऊन जिगसॉ कोड्याचे तुकडे जुळवत बसणार.

काम तसं सोपं. टाक्या रिकाम्या करायच्या, पाणी तापवायचा बंब रिकामा करायचा, मग न गोठणारं गुलाबी पाणी पंपाने पाइपांत ओढून घ्यायचं. नळातून गुलाबी धार आली की झालं. त्याला दोन कॅन पुरतात, असं दुकानातला माणूस म्हणाला होता. रेडिओवर सांगत होते की आज रात्री पहिली कडक थंडी पडणार. म्हणजे सबंध दिवस हातात होता.

मी टाक्या आणि बंब रिकामा केला, स्वयंपाकाच्या ओट्यावरचा गरम पाण्याचा नळ उघडला आणि पंप सुरू केला. कॅनमधलं गुलाबी पाणी सरसर खाली गेलं. नळ मात्र नुसता खोकत राहिला. दुसरा कॅनही संपला, तरी खोकलाच.

एवढ्यात कुंपणाशी डुएन ऑस्बी येऊन उभा राहिला. हा आमचा शेजारी; तो आणि त्याची बायको लवोन पलीकडच्याच घरात राहतात. कॅम्परमधलं त्याला सगळं कळतं.

"काय, हिवाळ्याची तयारी का?" तो म्हणाला.

"हो. चाललंय."

त्याने बराच वेळ पाहिलं. "हं. ही पद्धत जरा वेगळी आहे."

आता हे समजून घ्या. आमच्याकडे 'जरा वेगळं आहे' हे एखाद्याच्या अकलेबद्दल बोलता येण्यासारखं सगळ्यात वाईट वाक्य आहे. माझ्या वडिलांनी ते आयुष्यात दोनदा वापरलं, एकदा माझ्या लग्नातल्या सुटाबद्दल. पण विचारल्याशिवाय सल्ला देणं हा आमच्याकडे उद्धटपणा, आणि 'मला जमत नाही' म्हणून विचारणं हा नामुष्कीचा विषय. त्यामुळे आम्ही दोघंही गंभीर चेहऱ्याने हवामानावर बोललो.

मग मी दुकानात जाऊन आणखी दोन कॅन आणले. (शेवटचे दोनच उरले होते. सगळ्या गावाची आज हीच तयारी.) तेही कॅम्परच्या पोटात गेले. गळत असेल म्हणून मी कॅम्परखाली सरपटत गेलो. तिथे कोरडं ठणठणीत, फक्त माझी पाठ तेवढी चिखलात.

"खाली काही सापडलं का?" डुएनने विचारलं.

"नाही. सहज बघत होतो."

"हं. बघावं अधूनमधून."

चार वाजले. बोटं बधिर व्हायला लागली. चार कॅन गुलाबी पाणी कुठे गेलं, ते मला कळत नव्हतं आणि दुकानात आता थेंब नव्हता. खरं सांगतो, मला रडू येत होतं. डुएन तिथेच होता. मधे जेवून आला होता, एवढंच.

तेवढ्यात मार्लिस घराचं दार उघडून बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं आणि सरळ कुंपणाशी गेली. "डुएन, हा कुठे चुकतोय?"

असा उघडउघड प्रश्न आमच्या गल्लीत बहुधा पहिल्यांदाच विचारला गेला. डुएन कानापर्यंत लाल झाला. बुटांकडे बघत म्हणाला, "बंबाला वळसा घालायची चावी... ती फिरवायला हवी होती. पलंगाखाली आहे. सगळं बंबातच भरतंय."

पुढे त्याला दहा मिनिटं लागली. त्याने बंबाखाली बादली लावून ते गुलाबी पाणी परत काढलं, चावी फिरवली, पंप लावला. नळ एकदा खोकला आणि गुलाबी धार सुरू झाली. मी पाहतच राहिलो. कॅम्पर वाचला होता, आणि मला त्या डुएनला मिठी मारावीशी वाटली. (मारली नाही. आमच्याकडे मारत नाहीत.)

मग मात्र मला राग आला. "सकाळी दहापासून बघतोयस! बोलला का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"अरे, पण पाइप फुटला असता!"

"हं." तो पुन्हा बुटांकडे बघायला लागला. "त्याचं काय आहे, फुटला तर कॅम्पर आम्हालाच विकणार, असं मार्लिस ऑगस्टमध्ये लवोनला म्हणाली होती."

मी मार्लिसकडे पाहिलं. ती आभाळाकडे बघत होती.

"बरं, मग?" मी म्हणालो.

"लवोनने पडदे शिवून ठेवलेत. सगळ्या खिडक्यांचे."

"सगळ्या खिडक्यांचे? आणि पाइप फुटलाच नसता तर?"

डुएनने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि अगदी मनापासून, सौम्यपणे म्हणाला, "हार्लन, काम तू करणार हे कळल्यावर तसा विचार आमच्यापैकी कुणाच्या मनात आलाच नाही."