तिसऱ्यांदा विचारा

मलप्पा सर लातूरच्या कॉलेजातून निवृत्त झाले आणि घरच्या डायनिंग टेबलावरून फिनलंड, जपान, ब्राझीलच्या पोरांना ऑनलाइन शिकवू लागले. विषय होता, परक्या मुलखातल्या माणसाशी कसं बोलावं. "चाळीस वर्षं माझ्याशी धड बोलता आलं न्हाई," जगदेवीबाई म्हणत, "अन् निघाले जगाला शिकवायला."

त्या दिवशी धडा होता आग्रहाचा. सरांनी कॅमेऱ्यापुढं ताट ठेवलं आणि त्यावर हात आडवा धरला. "पहिलं 'नको' रीत म्हणून. दुसरं लाजेपोटी. खरं उत्तर तिसऱ्यांदा विचारल्यावरच." सांगता सांगता त्यांना अहमदपूरची शरणम्मा मावशी आठवली. आडवा हात बाजूला सारून ती शेंगाची पोळी ताटात टाकायचीच. आता लग्नातसुद्धा आपलं ताट आपल्या हातात, कोण कुणाला विचारतंय? सर धडा सोडून मावशीच्याच गोष्टी सांगत बसले. फिनलंडच्या आयनोनं मात्र सगळं वहीत उतरवून घेतलं.

पुढच्याच महिन्यात आयनोच्या विद्यापीठाचा मेल आला. आठवडाभर इथं येऊन शिकवाल का? जन्मात विमानात न बसलेले सर हरखून गेले. जगदेवीबाईंनी पेटीतून दोन स्वेटर काढून दोरीवर उन्हात टाकले. आणि सरांनी काय लिहावं? 'कशाला उगाच त्रास? इथूनच बरं आहे.'

तासाभरात उत्तर आलं, 'आपल्या इच्छेचा आदर आहे.'

"असं कसं लिवलात हो?"

"अगं, परत विचारतेत की. थांब तर."

आठ दिवस झाले, कुणी विचारेना. मग सरांनीच खडा टाकला. तिकडं थंडी किती असते? उत्तर आलं, उणे अठरा. माझ्याकडं स्वेटर आहे, सरांनी कळवलं. उत्तर आलं, छान.

"घाला मग इथंच," जगदेवीबाई म्हणाल्या.

शेवटच्या तासाला सरांचं शिकवण्यात मन नव्हतं. तास संपताना आयनोनं वही उघडली. "सर, तुमचा धडा मी विद्यापीठातल्या आमच्या बाईंना वाचून दाखवला. जागा अजून रिकामी आहे. येता का?"

"छे छे, नको," जन्माची सवय बोलून गेली.

आयनोनं वहीत खूण केली. "हे दुसरं झालं. सर, येता का?"

"येतो," सर म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले.

"तुमच्या पत्नीलाही आणा ना."

सरांनी ते स्वयंपाकघराकडं तोंड करून मराठीत सांगितलं.

"मला कशाला? नको बाई," आतून आवाज आला.

सरांची नजर अजून दोरीवरच असलेल्या दुसऱ्या, जगदेवीबाईंच्या स्वेटरकडं गेली. ते स्क्रीनशी वाकले आणि हळूच म्हणाले, "आयनो, अजून दोनदा विचार."