शेषराव मिस्त्रींचा ऑइल कूलर

शेषराव मिस्त्री गाडीचा ताप हाताने बघत. वारंगा फाट्यावरच्या आपल्या गॅरेजात ते गाडीखाली सरकत, उजवा पंजा उलटा करून इंजिनच्या तळाला, जिथे तेल साठतं त्या चेंबरला लावत आणि डोळे मिटत. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. शेजारच्या टपरीवर बाबूराव चहावाल्याला रेडिओसुद्धा बंद करावा लागे. मग खालून आवाज येई, "कणकण हाय." नाहीतर "आंग कोमट हाय." आणि एखादा ट्रक लांबून माल घेऊन आलेला असला तर, "भाजून निघालंय लेकरू. धा मिनिटं कुनी हात लावू नका."

ट्रक, ट्रॅक्टर, जीप, सगळ्यांना ते लेकरूच म्हणत. पण त्यांचं खरं लेकरू वेगळं होतं. ती एक जुनी विलायती गाडी होती. लाल, बुटकी, वर छत नसलेली, दोनच माणसांची. माणूस आत बसला की रस्त्यावरच बसल्यासारखा दिसे. हैदराबादचे कुणी शौकीन गृहस्थ ती घेऊन नागपूरकडे निघाले होते, ती फाट्यावर बंद पडली. ते "माणूस पाठवतो" म्हणून एसटीने गेले. वर्षभराने त्यांचं पत्र आलं, की आता माझं वय झालं, गाडी तुम्हीच ठेवा. पत्र बाबूरावने वाचून दाखवलं, कारण मिस्त्रींना वाचता येत नव्हतं. ते त्यांनी तीनदा वाचून घेतलं म्हणतात.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी चार वाजता मिस्त्री ती गाडी काढत. मे महिन्यातही गळ्यात मफलर. फाट्यापासून कॅनॉलच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, येऊन-जाऊन चार किलोमीटर. वेग बैलगाडीपेक्षा थोडा जास्त. सायकलवाले त्यांना मागे टाकून जात आणि वर हात करत. शेजारच्या सीटवर अवजारांची पिशवी ठेवलेली असे. कुणी "मिस्त्री, मला घ्या की" म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "पिशवी पायजेच. एकीकडं वजन झालं तर गाडी झुकते. बराबर हाय का न्हाई?" बायको वारल्यापासून ते एकटेच राहत होते. पिशवीचं वजन मात्र जेमतेम पाच किलो असेल.

आता मी माझ्याकडे येतो. खरं तर येऊ नये असं वाटतं.

आमचा तांडा पुलाच्या पलीकडे दोन किलोमीटरवर. तांड्यातून कॉलेजात गेलेला मी पहिला. नांदेडला मेकॅनिकलच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला तेव्हा तांड्याचे नाईक स्वतः एसटीपर्यंत सोडायला आले होते. पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो, तर दोन दिवसांत मला विहिरीवरच्या एका मोटारीचं पाणी का चढत नाही, एका घराचा टीव्ही का मुंग्या दाखवतो आणि एक शेळी का खात नाही, एवढं विचारून झालं होतं. आम्हाला तोवर गणित, रसायनशास्त्र आणि चित्रकलेसारखी ती ड्रॉइंगची तक्तीच होती. मी उघडलेलं इंजिन अजून पाहिलंही नव्हतं. पण हे सांगायला जीभ उचलत नसे.

तिसऱ्या दिवशी माझे वडील, बापू, म्हणाले, "चाल, फाट्यावर जाऊन येऊ." त्यांनी नवं धोतर नेसलं होतं. काम काहीच नव्हतं. मला दाखवायला नेत होते, हे मला कळत होतं आणि, आता लिहितो, आवडतही होतं.

फाट्यावर त्या वेळी एक वाद पेटलेला होता. कुणा परगावच्या ट्रक ड्रायव्हरने लाल गाडी बघून म्हटलं होतं, की अशा शर्यतीच्या गाडीला ऑइल कूलर पाहिजे, नाहीतर आपल्याकडच्या उन्हात तेल उकळतं. तेल एका छोट्या जाळीतून फिरवायचं, वाऱ्याने गार करायचं आणि परत इंजिनात सोडायचं, एवढंच ते यंत्र. ड्रायव्हर चहा पिऊन निघून गेला. वाद दोन महिने टपरीवर राहिला.

आम्ही पोहोचलो तेव्हा बाबूराव म्हणत होता, "अवो मिस्त्री, मानसाला उन्हात टोपी लागते, तर गाडीला कूलर नगं का?"

"तू च्या कर," मिस्त्री म्हणाले. "तेल काय डोक्याला थापायचं हाय का गार गार? थंडीत खोबरेलाची बाटली बगितली का? उलटी केली तरी निघत न्हाई. मंग बायका काय करतात? चुलीपाशी ठेवतात. इंजिनाचं बी तेच. तेल आधी गरम व्हाय पायजे, तवा ते पळतं. लई तापलं तर वंगाळ, मान्य. पर माझी गाडी जाते कुठं? पुलापर्यंत! तितवर तेलाला घाम बी फुटत न्हाई."

"मंग त्यो ड्रायव्हर येडा व्हता का?"

"येडा न्हाई. त्याचा ट्रक रोज शेकडो किलोमीटर पळतो. त्याला लागत आसंल."

तेवढ्यात बाबूरावने मला पाहिलं. "ह्ये घ्या! इंजिनेरच आला. त्यालाच इचारा की!"

सगळे वळले. बापूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला अजून तो हात आठवतो.

कूलर म्हटलं की मला हॉस्टेलच्या रेक्टरांच्या खोलीतला गवत लावलेला कूलर तेवढा माहीत होता. मी म्हणायला हवं होतं, की आम्हाला अजून हे शिकवलेलं नाही. पाच शब्द. त्याऐवजी मी घसा साफ केला आणि पुस्तकी आवाजात म्हणालो, "हो, आवश्यक आहे. तेलाचं तापमान जितकं कमी, तितकं इंजिनचं आयुष्य जास्त."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मग बापूंकडे. बापूंकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग हातातला पाना पुसत म्हणाले, "आसं हाय व्हय. मंग बसवावा लागंन."

बाबूरावने बापूंचे चहाचे पैसे घेतले नाहीत.

पुढच्या रविवारी लाल गाडीच्या तोंडाशी, जाळीमागे, कूलर दिसू लागला. नांदेडच्या भंगारातून आणून मिस्त्रींनी तो घासून चांदीसारखा केला होता. येईल त्याला ते वाकून दाखवत, "आपल्या इंजिनेरनं सांगितलेला हाय." पण लोक ते वेगळ्या रीतीने सांगत. तांड्याच्या पोरानं मिस्त्रीला एका वाक्यात गप्प केलं. गिऱ्हाइकं मुद्दाम विचारत, "मिस्त्री, ब्रेक आवळू का, का इंजिनेरला पत्र टाकू?" ज्या माणसाच्या हाताला सगळा फाटा मान देत होता, त्याची अशी थट्टा चालली होती. मी ती ऐकली आणि हसलोही.

दुसऱ्या वर्षी इंजिनचा विषय आला. सर फळ्यावर लिहीत होते, की तेल फार तापू नये, तसंच फार गारही राहू नये. गार तेल घट्ट असतं, नीट पोहोचत नाही, आत साचलेला ओलावा उडत नाही, भाग झिजतात. कूलर हा तासन्‌तास जोरात पळणाऱ्या गाडीला. मी ऐकत होतो आणि माझे कान तापत होते. शब्दाशब्दाला मला खोबरेलाची बाटली दिसत होती.

मी हात वर केला. "सर, गाडी जुनी, शर्यतीची... पण रोजची न पळणारी. आठवड्याला चार किलोमीटर जाते. तिला लागेल का?"

"चार किलोमीटर?" सर म्हणाले. "त्या गाडीला कूलर नको, शेक द्या."

वर्ग हसला. मला वाटलं, वर्ग नाही, फाटाच हसतोय.

त्यानंतर मी सुट्टीला आलो की फाट्याच्या अलीकडेच एसटीतून उतरू लागलो. शेतातून, बांधावरून चालत तांड्यावर. पायाला चिखल बघून बापू विचारत, "काहून रे, एसटी फाट्यावर थांबली न्हाई का?" मी म्हणे, चालायची सवय राहावी म्हणून. मग ते म्हणत, "मिस्त्री इचारून राहिला व्हता. इंजिनेर काहून येत न्हाई म्हणे." रविवारी चार वाजता मी घरातून बाहेर पडत नसे. पुलाकडून तो बारीक घरघर आवाज आला, की वाटे, माझ्या एका वाक्याने तिकडे लोखंड झिजतंय आणि त्या माणसाला ते माहीत असूनही तो चालवतोय. माफी मागायला जायचं हे मी प्रत्येक सुट्टीत ठरवलं. प्रत्येक सुट्टीत जायच्या दिवशी मला काही ना काही काम निघालं.

डिप्लोमा पास झालो तेव्हा बापूंनी पेढे आणले आणि म्हणाले, पहिला पुडा मिस्त्रीला. आता पळता येणार नव्हतं. रविवार होता. गॅरेजात गेलो तर मिस्त्री हातपंपावर पाणी भरायला गेलेले. लाल गाडी सावलीत उभी होती. जाळीमागे कूलर चमकत होता.

मी वाकलो. नुकसान किती झालं असेल ते तरी बघावं म्हणून एका नळीवर बोट ठेवून मागे मागे गेलो, प्रयोगशाळेत शिकवलं होतं तसं. नळी जाळीमागून आत वळली आणि संपली. इंजिनला जोडलेलीच नव्हती. तार गुंडाळून ती पत्र्याला बांधली होती, तोंडात चिंधीचा बोळा. दुसरीचंही तसंच, फक्त तिच्यातला बोळा गळून पडला होता आणि तिथे कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. तेलाचा एक थेंबही त्या कूलरमधून कधी गेला नव्हता. पण तो दर रविवारी पुसलेला होता.

मी तसाच उकिडवा बसून राहिलो.

"काय बगून राहिला, इंजिनेर?"

मिस्त्री घागर घेऊन उभे होते. मी उठलो. पेढ्यांचा पुडा पुढे केला. म्हणायचं ते सगळं मी वाटेत पाठ केलं होतं. त्यातलं काहीच आलं नाही.

"मिस्त्री, त्या दिवशी मला... मला माहीत नव्हतं."

"म्हाईत हाय." त्यांनी एक पेढा तोंडात टाकला. "आन् तुझा बाप लई दिसानं नवं धोतर नेसून फाट्यावर आला व्हता."

एवढंच. मग त्यांनी शेजारच्या सीटवरची पिशवी उचलली आणि जमिनीवर ठेवली. "बस. पेढे देतो आन् पायी जातो का?"

"गाडी झुकेल ना," मी म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक.

"झुकंल त झुकंल."

गाडी कॅनॉलच्या पुलावर आली. इथून ती नेहमी मागे फिरायची. मिस्त्रींनी गियर बदलला आणि ते पूल ओलांडून सरळ तांड्याच्या रस्त्याला लागले. "आज जरा आंग तापंल तिचं," ते म्हणाले. "तापू दे."

तांड्यावर पोरं ओरडत धावली. नाईक आले. बापू घाईघाईने पागोटं सारखं करत आले आणि गाडीभोवती एक फेरी मारून पुढे वाकले. जाळीतून आत बोट दाखवत ते नाईकांना म्हणाले, "ह्यो बगा त्यो कूलर. आमच्या लेकरानं सांगितलेला."

नाईकांनी मिस्त्रींकडे बघितलं. "काय मिस्त्री, फरक पडला का?"

मिस्त्री गाडीखाली सरकले. उलटा पंजा चेंबरला लावला, डोळे मिटले. सगळा तांडा गप्प झाला.

"तवापासून," खालून आवाज आला, "एक दिस ताप न्हाई."

मी मान खाली घातली. बापूंना वाटलं, पोरगं लाजलं.