एकशे अठरा हात

सार्वजनिक कार्यात माणसाचा सर्वांत तत्पर अवयव म्हणजे हात. खिशातून निघायला तो वेळ लावतो, पण वर जायला लावत नाही.

आमच्या गावात एक वरची आळी, एक खालची. मध्ये पंचेचाळीस पायऱ्या. (मी स्वतः मोजल्यात, उतरताना; चढताना आकडा जास्त येतो.) वरचा माणूस सरासरी एक्याऐंशी वर्षं जगतो, खालचा सहासष्ट. फरक पंधरा वर्षांचा, म्हणजे पायरीमागे चार महिने. दवाखाना अर्थातच वर, कारण जास्त जगणाऱ्यांना तो जास्त वर्षं लागतो.

ही दरी बुजवण्यासाठी नगरपालिकेने सभा बोलावली. कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. उगाच कामकऱ्यांची गर्दी नको. खालच्या आळीतून एकट्या चहावाल्या मावशी हजर होत्या, त्याही चहापुरत्या. त्यांच्या नवऱ्याला दमा. दवाखान्यात जायला निघतो, विसाव्या पायरीवर बसतो आणि तिथूनच घरी परततो.

दरी बुजलीच पाहिजे, हे कुणाला मान्य? एकशे बारा हात वर झाले. निवृत्त मास्तरांचे तर डोळे भरून आले. मावशींच्या दोन्ही हातांत ट्रे होता, त्यामुळे त्यांची नोंद 'तटस्थ' अशी झाली.

मग अध्यक्षांनी विचारलं की डॉक्टरांना दोन दिवस खाली बसवायचं, तर वरच्या आळीने कोणते दोन वार सोडावेत? मास्तरांचा सोमवारी रक्तदाब, मंगळवारी गुडघा. वकीलबाईंना शिंका येतात त्या नेमक्या शुक्रवारी. बघता बघता सगळ्यांनी हात वर केले.

कारकून प्रामाणिक. त्याने हेही मोजले. भरले एकशे अठरा. सहा जणांनी दोन्ही केले होते. त्याने टिपण लिहिलं: 'पाठिंब्यात उत्तरोत्तर वाढ. ठराव मंजूर. अंमलबजावणी यथावकाश.'

कप गोळा करता करता मावशींनी त्याला विचारलं, "मग दादा, डॉक्टर खाली कधी यायचे?"

"मावशी, एवढे हात वर गेलेत," तो कौतुकाने म्हणाला, "आता खाली कोण येतंय?"

मावशींनी जरा विचार केला. "बरं. मग विसाव्या पायरीवर एक बाक तरी टाका. ह्यांना गार दगड बाधतो."

बाकासाठीही सभा झाली. त्यालाही हात वर झाले, आधी एका अर्थाने, मग दुसऱ्या अर्थाने. खोटं कशाला बोलू, त्यांत माझेही होते. मावशींचा नवरा अजून दगडावरच बसतो.

वाचून तुम्हालाही वाईट वाटलंच असेल. वाटलं असेल तर हात वर करा.

केलात? छान. कारकुनाकडे रकाना एकच आहे.