अधिकातले निंजे

जावई पानावर बसायच्या आधीच रुसला, आणि तेही जपानात, हे विमलबाईंच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

त्या वेळी त्या स्वयंपाकघरात शेवटचे अनारसे तळत होत्या. जेठातला अधिक महिना, त्यातून रविवार. पोशीरमधल्या घराघरांत जावई धोंड्याच्या जेवणाला येत होते. विमलबाईंची लेक नम्रता चौक गावात दिलेली. जावई हर्षदचं तिथे जुन्या हायवेला गॅरेज. लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक. लेक-जावयाला लक्ष्मीनारायण म्हणून पाटावर बसवायचं, अनारशांचं वाण आणि दिवा द्यायचा, पुरणाचे धोंडे वाढायचे, आणि जावयाच्या तोंडात धोंडा पडेपर्यंत आपण पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असं व्रत त्यांनी देवापुढे बसून धरलं होतं. मनातल्या मनात धरलं होतं, कारण मोठ्याने बोलायची त्यांना सवयच नव्हती. देवालाही त्या हळूच सांगत.

बाहेर पडवीत त्यांचा मुलगा स्वप्नील याचा खेळ चालला होता. हा खेळ त्याने कॉलेजच्या हॉस्टेलवरून आणला होता. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. स्वप्नील एक गोष्ट सांगत जातो, आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होऊन ‘मी हे करतो, मी ते करतो’ म्हणतात. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. हल्ली गोष्ट जपानातल्या निंजांची होती. निंजा म्हणजे काळे कपडे घालून रात्रीचे किल्ल्यात शिरणारे हेर, एवढं विमलबाईंना चहा देता-देता कळलं होतं.

या निंजांना स्वप्नीलने पायऱ्या लावल्या होत्या. सगळ्यात खाली धूळ, मग पाऊल, मग सावली, मग वारा. आणि सगळ्यांच्या वर नसलेला; त्या पायरीवर आजवर कोणी चढलं नव्हतं. प्रत्येक पायरीची मनगटाला बांधायची पट्टी होती. वाऱ्याला विमलबाईंच्या जुन्या पैठणीचा काठ, सावलीला काळं ब्लाऊजपीस. धुळीला परकराची नाडी.

नम्रता लग्नाआधीपासून खेळत असल्यामुळे वारा होती. शेजारचा पदू माथेरानच्या हॉटेलात कामाला. सुट्टीला खाली उतरला की आधी इथे यायचा, मग आपल्या घरी. तो सावली. आज जेवायला वेळ होता म्हणून त्यांनी हौसेने हर्षदलाही बसवून घेतलं, आणि नवा गडी म्हणून त्याच्या मनगटाला नाडी बांधली.

तिथवर हर्षद हसत होता. पण मग गोष्टीतल्या निंजांनी जंगलात चूल मांडली, मासे भाजले, आणि स्वप्नीलने टोळीचा नियम सांगितला : वरच्या पायरीवाल्याने घास घेतल्याशिवाय खालच्याने अन्नाला हात लावायचा नाही. पदूच्या अंगात सावली संचारली होती. तो मांडी ठोकून म्हणाला, “ए धुळ्या, वारा घाल. आमचं झाल्यावर काटं चघळ.”

हर्षद उठला. नाडी सोडून त्याने नीट घडी घातली, चपला घातल्या, अंगणात फणसाखाली लावलेल्या आपल्या गाडीत जाऊन बसला आणि काच वर केली.

“काय झालं गं?” विमलबाईंनी दारातून विचारलं.

“रुसले,” नम्रता म्हणाली. “म्हणतात, पोट भरलं माझं.”

विमलबाईंनी गॅस बारीक केला. सकाळपासून त्यांच्या घशाखाली पाणी उतरलं नव्हतं आणि बाहेर ऊन तापलं होतं. त्यांनी नवऱ्याला समजूत काढायला पाठवलं. भिवाजी गाडीपाशी गेले, काच खाली झाली, बराच वेळ बोलणं झालं, आणि ते समाधानाने परत आले.

“काय म्हनले?”

“आपल्या टेंपोचा आवाज येतो ना, तो इचारला. क्लचप्लेट गेली म्हनतात.”

“आनि जेवायचं?”

“ते इचारायचं राह्यलं.”

मग विमलबाई स्वतः पडवीत आल्या आणि मुलाच्या शेजारी बसल्या. “स्वप्नील, जावयाला एक पायरी वर घे रं बाळा. आजचा दिवस.”

“आई, असं नाय चालत. पायरी कमवायची असते.”

“आमी काय सांगतो कुनाला?”

“मी सांगीन,” पदू म्हणाला. “काकी, मी अख्खा पावसाळा घासलो तवा सावली झालो. दोनदा मेलो. दाजींना फुकट पायरी दिलीत तर मी ह्यो चाललो माथेरानला, आनि परत नाय यायचा.”

“तुला कोनी नावं ठेवलीत का? तू बस,” विमलबाई म्हणाल्या. नियम मोडू नये ही गोष्ट त्यांना मनापासून पटत होती. त्यांचे स्वतःचे सोमवार, चतुर्थ्या आणि एकादश्या तशाच चालत. पण धरलेल्या नियमातून वाट असते, हेही त्या जाणून होत्या. उपासाला भगर चालते ती काही उगाच नाही. त्यांनी थोडा विचार केला.

“धुळीच्या खाली कोन?”

“कोणी नाही. शेवटी आला तो शेवटचा.”

“मंग मला बांध नाडी. मी जावयाच्या खाली बसते.”

स्वप्नीलने आईच्या मनगटाला नाडी बांधली. नम्रता गाडीपाशी गेली आणि काचेवर टिचक्या मारून म्हणाली, “अहो, आई तुमच्या हाताखाली आली. उतरा आता.”

हर्षद उतरला आणि आपली नाडी परत बांधून घेतली. सासू आपल्या हाताखाली निंजा आहे ही कल्पना त्याला गाडीत बसून राहण्यापेक्षा बरी वाटली असावी. मात्र अधिकार गाजवायची वेळ आली तेव्हा त्याची पंचाईत झाली. “आई, तुमी जरा… म्हंजे तरास नसंल तर… खेळातल्या त्या दोरीचं टोक धरता का?”

“धरते हो,” विमलबाई म्हणाल्या आणि खरोखरच हात पुढे केला.

टोळीला डोंगरावरच्या किल्ल्यातून सोन्याचा दिवा आणायचा होता. हर्षद गॅरेजवाला, त्याने दरवाजा बिजागरीतून उचकटायचं ठरवलं. फाशावर पडले तीन. दरवाजा त्याच्याच अंगावर पडला आणि किल्लाभर नगारे वाजले. नम्रताने छपरावरून उडी मारली ती विहिरीत गेली. पदूने विषारी पात्यांची चांदणी फेकली, ती घोड्याला लागली. माथेरानच्या माणसाच्या हातून घोडा मेला म्हणून तो थोडा वेळ खरोखर हळहळला.

“आई, आता तूच उरलीस,” स्वप्नील म्हणाला. “दिव्याच्या खोलीबाहेर पहारेकरी उभा आहे. तू काय करतेस?”

“काय नाय.”

“काय नाय म्हणजे?”

“पदर घेते डोक्यावरून आनि चुलीपाशी बसते. किल्ल्यात चूल असंलच ना?”

“असेल. पण पहारेकरी बघतो तुझ्याकडे. विचारतो, कोण गं तू?”

“पानी देऊ का, म्हनते. उन्हाचा उभा हाय बिचारा.”

“आई, रात्र आहे.”

“मंग दमला असंल.”

स्वप्नीलने फासा टाकायला सांगितला. विमलबाईंनी तो कपाळाला लावून टाकला. वीस पडले. पहारेकरी पाणी प्यायला, नंतर त्याने घरच्या गोष्टी काढल्या, त्याची लेकही लांब दिलेली निघाली, आणि तो डोळे पुसत असताना विमलबाई खोलीत जाऊन दिवा पदराखाली घेऊन आल्या. बाहेर पडताना त्या केर काढत निघाल्या. फौजेतल्या एकाही माणसाने केर काढणाऱ्या बाईला अडवलं नाही.

स्वप्नीलने आपले कागद पुन्हा चाळले. तो नियमाचा पक्का होता आणि नियमाने जे होत होतं ते त्याला नाकारता येईना. त्याने आईच्या मनगटाची नाडी सोडून तिथे पैठणीचा काठ बांधला. “वारा,” तो म्हणाला. पदूने शिट्टी मारली. टाळ्या सगळ्यात जोरात हर्षदने वाजवल्या.

“घ्या, पाट मांडा,” भिवाजी म्हणाले. त्यांना मघापासून भूक लागली होती.

पाट मांडले. रांगोळी झाली. लेक-जावयाला कुंकू-अक्षता लावून ओवाळलं, अनारशांचं वाण आणि दिवा दिला. केळीच्या पानावर धोंडे आले, वर तुपाची धार आली. विमलबाई हात जोडून उभ्या राहिल्या. जीभ टाळूला चिकटली होती.

हर्षदनेही हात जोडले. पण पानाला हात लावला नाही.

“आई, आधी तुमी.”

“अहो, असं काय करता? जेवा.”

“तुमी वारा, मी धूळ. वरच्यानं घास घेतल्याबिगर खालच्यानं हात लावायचा नाय. मघाशी माझ्यासाठी नियम मोडला नाय, आता पन मोडायचा नाय.” तो रागाने बोलत नव्हता. तो पुरता निंजा झाला होता, हीच अडचण होती.

“अहो, माझं व्रत हाय. तुमच्या आधी मला पानी पन चालत नाय.”

“तुमचं व्रत हाय, तर माझं पन व्रतच हाय.”

दुसऱ्याचं व्रत मोडायला लावणं हे त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं. तूप धोंड्यांवर थिजू लागलं. एक माशी अनारशांचा अंदाज घेऊन गेली.

“मी कुठल्या पायरीवर?” भिवाजींनी विचारलं.

“बाबा, तुम्ही खेळात नाही.”

“मंग मी जेवू का?”

“जावयाच्या आधी?” नम्रता म्हणाली. भिवाजींनी हातातली भजी परत ठेवली.

विमलबाई हळूच मुलाकडे वळल्या. “वाऱ्याच्या वर काय म्हनलास तू?”

“नसलेला.”

“त्याच्यासाठी कोन थांबतं का जेवायला?”

स्वप्नीलने विचार केला. “नाही. तो आहे हेच कुणाला ठाऊक नसतं. थांबणार कसं?”

“मंग मला तिथं चढव.”

“आई, ती शेवटची पायरी आहे! टोळीच्या मधोमध बसलेलं असताना नाहीसं व्हावं लागतं. कधी गेलं, कसं गेलं, हे एकालाही सांगता येता कामा नये.”

“एकालाही म्हंजे खेळातल्याच का बाबांना पन?” पदूने विचारलं.

“बाबा कशाला येतील त्यात?”

“का नाय? डोळं हायेत की त्यांना!”

“डोळे असून काय, त्यांना क्लचप्लेट दिसते फक्त,” नम्रता म्हणाली.

“ती पन मला जावयांनी सांगितली तवा कळली,” भिवाजी म्हणाले.

“नियमात टोळी लिहिलंय, टोळी,” हर्षद म्हणाला. “सासरे टोळीत नाय.”

“दाजी, तुमी कालपरवा नाडी बांधलेलं—”

“आज बांधलीय. तरी पन नियम मला कळतो.”

वाद रंगला. पदू उभा राहिला, स्वप्नीलने कागद काढले, नम्रताने दोघांना खाली बसवलं. शेवटी बाबांचे डोळेही हिशोबात धरायचे असं ठरलं आणि स्वप्नील म्हणाला, “हां, तर आई, तू आता…”

आई तिथे नव्हती.

“आत्ता तर हितंच होती,” भिवाजी म्हणाले.

“तू बघितलंस?” “मी तुझ्याकडं बघत होतो.” “तुमी?” “मी कागदाकडं.”

एकमेकांची तोंडं बघून झाली. मग स्वप्नीलने कागद खाली ठेवला आणि देवळात बोलावं तशा आवाजात म्हणाला, “मिळाली पायरी.”

नम्रताने आणि पदूने नियमाने एकेक घास घेतला, मग हर्षदने मान लववली आणि धोंडा मोडून तोंडात घातला.

विमलबाई स्वयंपाकघरात होत्या. त्या नाहीशा वगैरे झाल्या नव्हत्या. गॅसवर ठेवलेलं तूप जास्त कढल्याचा वास आला म्हणून आत आल्या होत्या, रोज चारदा येतात तशा. तूप उतरवून त्यांनी वाटीत ओतलं. बाहेरून जावयाचा आवाज आला, “वा! धोंडं काय झालंत!” त्यांनी देवाकडे बघून हात जोडले, तांब्याभर पाणी सावकाश प्यायल्या, आणि एक धोंडा बशीत घेऊन ओट्याला टेकून खिडकीखाली बसल्या.

“आई, तूप!” बाहेरून हाक आली.

त्यांचा हात सवयीने वाटीकडे गेला. मग त्यांना आठवलं, आपण नाही आहोत. त्यांनी हात मागे घेतला आणि घास चावत राहिल्या.

बाहेर थोडी कुजबूज झाली. “आता तूप कोन आननार?” “सगळ्यात खालचा.” “सगळ्यात खालचा कोन?” मग पाट सरकल्याचा आवाज झाला, आणि अधिक महिन्यातला जावई, कपाळाला कुंकू, खांद्यावर नवा शेला, मनगटाला परकराची नाडी, स्वयंपाकघरात आला.

विमलबाई घास तोंडात धरून तशाच बसून राहिल्या. हर्षद ओट्यापाशी आला, त्यांच्या बशीशेजारची तुपाची वाटी उचलली, त्यांच्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघितलं, आणि परत फिरला.

“आत कोन हाय का?” पदूने विचारलं.

“कोन नाय,” जावई म्हणाला, आणि मेहुण्याच्या पानात तुपाची धार धरली.

विमलबाईंनी दुसरा धोंडा घेतला.